जाहिराती गाळून

माणसाला वेड लागायला काहीही पुरतं. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी दुसऱ्याच्या चुका जमवतो. कवळीवाला टीव्हीवरचे कार्यक्रम जमवायचा.

त्याचा धंदा खोट्या दातांचा. सात-आठ दंतवैद्य त्याच्याकडे तोंडांची मापं पाठवायचे. घराच्या मागच्या खोलीत बसून हा त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा, मग गुलाबी हिरड्या चढवून कवळी तयार करायचा. भुवयांवर कायम पांढरी धूळ. गल्लीत सगळे त्याला कवळीवाला म्हणत आणि त्यालाही त्याची ना नव्हती, कारण नाव कमावलेलं होतं. वय चोपन्न, स्वतःचे दात सगळे शाबूत.

त्या मागच्या खोलीच्या भिंतीवर, गुलाबी मेणाच्या गोळ्यांनी चिकटवलेला एक आलेखाचा कागद होता. त्यावर कवळीवाल्याचं स्वप्न काढलेलं होतं. स्वप्न म्हणजे एक रेकॉर्डर. एकाच वेळी सहा वाहिन्या टिपणारा. कधीही न भरणाऱ्या डिस्कचा. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं आपण होऊन जागा होणारा आणि संपल्यावर दहा मिनिटं थांबून मगच झोपणारा. तिन्ही खोल्यांत एकाच रिमोटवर चालणारा. वीज गेली तरी न डगमगणारा. कागदाच्या तळाशी त्याने लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘घरात कुणालाही तक्रारीला जागा उरू नये.’ आठ वर्षांत या योजनेच्या अकरा आवृत्त्या निघाल्या होत्या. तक्रारींची मोजदाद कुणी केली नव्हती.

मोजदाद होती ती तासांची. आजवर साठवलेले तास एक हजार नऊशे चाळीस. पाहिलेले तास अकरा. त्यातले चार, ‘नीट होतंय ना’ हे पाहण्यात गेलेले. खोल समुद्रातले मासे, जुन्या पुलांची बांधकामं, बुद्धिबळाच्या स्पर्धा, कुठल्याशा परक्या भाषेतलं स्वयंपाकाचं एक सदर, इतकंच काय, गेल्या वर्षीचे हवामानाचे अंदाजही त्याच्याकडे जपून ठेवलेले होते.

“अहो, हे सगळं बघणार कधी?” बायको विचारायची. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे उत्तर चुकलं की लगेच ओळखायची.

“निवृत्तीनंतर.”

“तुमच्या धंद्यात कसली आलीय निवृत्ती? लोकांचे दात पडायचे थांबणार आहेत का?”

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. आपल्याकडे दातही पोत्याने आणि चणेही पोत्याने, खायला तेवढं कुणी बसत नाही, असं तो स्वतःच मित्रांना सांगून हसायचा. स्वतःवर हसण्यात तो तरबेज होता. सुधारण्यात मात्र तितका नव्हता.

घरात एकच माणूस टीव्ही खरोखर बघायचं आणि ते म्हणजे त्याची आई. वय शहात्तर. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ एक मालिका. एका मोठ्या घराण्याची गोष्ट, बारा वर्षं चाललेली. तिच्यातली मोठी सून दोनदा मेली होती आणि दोनदा परत आली होती. आई साडेसातला पाच कमी असतानाच खुर्चीत येऊन बसायची, चष्मा पुसायची आणि फोन मांडीवर घ्यायची.

फोन मावशीसाठी. आईची चौदा वर्षांनी धाकटी बहीण, चार तासांवरच्या गावात राहणारी. तीही त्याच वेळी तीच मालिका बघायची. पहिली जाहिरात लागली रे लागली की आईच्या मांडीवर फोन वाजायचा. मालिकेत तीन वेळा जाहिराती लागत, दर वेळी तीन मिनिटं. पहिल्या तीन मिनिटांत गुडघे, रक्तदाब आणि पाणी आलं की नाही. दुसऱ्या तिनांत मोठ्या सुनेचं वागणं. तिसऱ्यात, उद्या काय होईल याचे तर्क. आणि पडद्यावर घराण्याचा वाडा दिसला की दोघीही एका सुरात, “लागलं गं लागलं, ठेवते.” फोन बंद. बारा वर्षांत यात खंड नव्हता.

त्याआधी मात्र या दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, हे कवळीवाल्याला ओझरतं माहीत होतं. त्यांची आई गेली तेव्हाचं काहीतरी. मग एके दिवशी मालिकेत मोठी सून पहिल्यांदा मेली आणि जाहिरातीत फोन वाजला. मावशी विचारत होती, “अगं, ती खरंच गेली का?” आईने सांगितलं, “छे, प्रेत कुठे दाखवलंय!” अकरा वर्षांचा अबोला असा एका खोट्या मरणावर सुटला. घरात सगळ्यांना फार बरं वाटलं होतं.

आता इतकं सुरळीत चाललेलं असताना शहाण्या माणसाने काय करावं? काही करू नये. पण कवळीवाल्याच्या योजनेची अकरावी आवृत्ती तेव्हा नुकतीच निघाली होती आणि तिच्यात नवं कलम होतं, जाहिराती आपोआप गाळणे.

त्याचं म्हणणं साधं होतं. आई अर्धा तास बसते, त्यातली नऊ मिनिटं साबण आणि रंगाचे डबे. म्हणजे आठवड्याला तासाहून जास्त. शहात्तराव्या वर्षी माणसाचा तास असा साबणात का घालवायचा? त्याने एक छोटा संगणक आणून रेकॉर्डरला जोडला. आवाज एकदम चढला किंवा पडदा क्षणभर काळा झाला की ही जाहिरात, असं त्या संगणकाला शिकवलं. पहिल्या आठवड्यात मालिकेतले आजोबा वारले. पडदा काळा झाला, संगीत चढलं आणि यंत्राने आजोबांचं मरण जाहिरात समजून कापून टाकलं.

“अरे, सगळे रडतायत,” आई म्हणाली, “पण गेलं कोण?”

उलट, दातांच्या पेस्टची एक शांत जाहिरात यंत्राला मालिकाच वाटली. ती दात घासणारी बाई सुनेची बहीण असावी, असं आई दोन दिवस धरून चालली होती. कवळीवाल्याने कान पकडले, यंत्राला नव्याने शिकवलं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं चोख झालं. आठ वाजता आईने बटण दाबायचं की एकवीस मिनिटांची स्वच्छ, निर्भेळ मालिका. मध्ये एक कण नाही. त्याने बायकोला बोलावून दाखवलं. एखादी कवळी पहिल्याच खेपेला टाळूला बसावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

“छान आहे,” बायको म्हणाली. “पण मावशींचा फोन?”

तो मुद्दा खराच राहिला होता. मावशी बिचारी साडेसातचीच मालिका बघत होती. सात सदतीसला तिचा फोन आला की आई ओरडायची, “सांगू नकोस, काही सांगू नकोस! मी अजून पाहिलं नाही!” आणि फोन आदळायची. पुढे आठला आई बघायला बसली की मावशी जेवायला बसलेली. शेवटी मावशी म्हणाली, “मोठ्या माणसांचं बाई वेगळं घड्याळ झालं.” आईने ते जसंच्या तसं मुलाला ऐकवलं.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. आपला कवळीवाला मात्र उंटावरचा शहाणा. त्याने हुबेहूब तसाच दुसरा संच बांधला आणि रविवारी मांडीवर घेऊन चार तासांची बस धरली. मावशीच्या घरी दुपारभर पलंगाखाली सरपटून वायरी ओढल्या. मावशी दारात उभी राहून बघत होती.

“अरे, मला जमेल का हे?”

“मावशी, एकच बटण. आठ वाजता दाबायचं. तिकडे आई दाबेल, इकडे तू. एकवीस मिनिटांत खेळ खलास. मग बोला की दोघी हवं तेवढं! मध्ये कुणी तोडणार नाही.”

“हवं तेवढं?” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हाच काहीतरी होतं, पण कवळीवाला तेव्हा भोक पाडायच्या यंत्राच्या आवाजात होता.

सोमवारी मालिका संपल्यावर दोघी चाळीस मिनिटं बोलल्या. मागच्या खोलीत कवळीचे दात घासता घासता त्याला आईचं हसणं ऐकू येत होतं. मंगळवारी पाऊण तास. बुधवारी तासभर, त्यात लहानपणीचे शेजारी, शाळेतली एक बाई, कुठल्याशा विहिरीत पडलेली चप्पल. कवळीवाल्याने भिंतीवरच्या कागदावर नव्या कलमापुढे बरोबरची खूण केली आणि खाली दोनदा रेघ मारली.

गुरुवारी सव्वानऊच्या सुमाराला आईचा आवाज चढला.

“मी काय मुद्दाम केलं? तुझे दिवस भरत आले होते. डॉक्टर म्हणाले होते, प्रवास करायचा नाही!” मग बराच वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ती तुझी आई होती तशी माझीही होती. तिच्या उशाशी मी बसले होते सतरा दिवस. तू नाहीस.” आणि मग, अगदी हळू, “ठीक आहे. तसं तर तसं.”

तो बाहेर आला तेव्हा फोन टेबलावर पालथा पडला होता. आई समोर बघत होती. टीव्ही बंद होता.

“काय झालं आई?”

“काही नाही. झोप आलीय.”

शुक्रवारी फोन आला नाही. आईने बटणही दाबलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. साडेसात वाजले की ती उठून आपल्या खोलीत जायची आणि कपाट आवरायची. कपाटात आवरायला होतं किती? त्याच चार कपड्यांच्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. जेवणात तिचं लक्ष नव्हतं. आठव्या दिवशी ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “आता आमचं वय झालं. पुन्हा अकरा वर्षं परवडायची नाहीत.” कवळीवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. आईला आपण कधी असं पाहिलं नव्हतं, आणि हे आपल्याच हाताने झालं आहे, एवढं त्याला कळत होतं. कसं झालं, ते मात्र कळत नव्हतं. यंत्र तर दोन्हीकडे उत्तम चालत होतं!

त्याच दिवशी एका दंतवैद्याकडून एक कवळी परत आली. सोबत चिठ्ठी होती. ‘रोगी बोलताना दात एकमेकांवर आपटतात, जबडा दुखतो. मधली जागा ठेवलेली नाही. कृपया दोन मिलिमीटर कमी करावं.’ कवळीवाल्याने कपाळावर हात मारला. तोंड निवांत असतं तेव्हा वरच्या आणि खालच्या दातांत थोडी फट असावी लागते. ती नसली तर माणसाला क्षणाचाही आराम नाही. हे त्या धंद्यातलं पहिल्या वर्षीचं ज्ञान, आणि तेच नेमकं चुकलं होतं.

अशा क्षणी गोष्टींतल्या माणसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. कवळीवाल्याच्या पडला नाही. त्याने दोन मिलिमीटर घासून कमी केले, कवळी डब्यात भरली, वर पत्ता लिहिला आणि रेकॉर्डरचं काय बिघडलं असावं याचा विचार करत पुढच्या मापात प्लास्टर ओतलं.

प्रकाश पाडला तो बायकोने, संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासताना, वर न बघता.

“तुम्ही त्यांना वेळ दिलात ना, तिथे चुकलं.”

“वेळ देणं चूक?”

“अहो, तीन मिनिटांत काय बोलतात माणसं? गुडघा दुखतो, पाणी आलं. भांडण पोचायला पंधरा मिनिटं तरी लागतात. बारा वर्षं त्या दोघींना तिथवर जायची वेळच आली नाही. दर वेळी सून यायची मध्ये. तुम्ही जाहिराती काढल्यात आणि त्यांना थेट त्यांच्या आईच्या आजारपणापाशी नेऊन सोडलंत.”

तो खुर्चीतून उठलाच. “दोन मिलिमीटर!”

“काय?”

“फट! फटच ठेवली नाही मी!”

बायकोने लाल पेन खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं, मग पुढची उत्तरपत्रिका उचलली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने काही गोष्टी न विचारायला शिकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसमध्ये होता. या खेपेला मांडी रिकामी. चार तास तो मनातल्या मनात मावशीशी बोलला आणि दर वेळी त्याचं बोलणं ‘मावशी, माझा हेतू चांगला होता’ इथून सुरू होत होतं. हेतू चांगला होता हे वाक्य जगातल्या प्रत्येक गाढवाने म्हटलेलं असणार, असं त्याला शेवटच्या तासात वाटलं. म्हणून मावशीच्या दारात तो नुसतं म्हणाला, “मावशी, चुकलं माझं. ते न्यायला आलोय.”

मावशीने दार उघडलं, पाणी दिलं. तो पलंगाखाली शिरला. खालूनच त्याला तिची पावलं दिसत होती. ती पलंगावर बसली आणि वरून बोलली. समोरासमोर बोलली असती की नाही, कोण जाणे.

“तुझी काही चूक नाही रे. मला ते रोज विचारायचं असायचं. रोज. मला का नाही कळवलंस? फोन लावताना ओठांवर असायचं. पण आधी तिचे गुडघे विचारायचे, आणि तेवढ्यात लागायचं. मी म्हणायचे, बरं झालं, लागलं. आज वाचलो दोघी.” तिने पाय पलंगावर ओढून घेतले. “त्या दिवशी काही लागलंच नाही. मी वाट बघत होते काहीतरी लागायची.”

पलंगाखाली कवळीवाला वायर हातात धरून तसाच पडून राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि नाकात धूळ गेली होती, त्यामुळे आधी शिंक आली.

“तुझ्या पोटात बाळ होतं ना तेव्हा?” त्याने विचारलं.

“आठवा संपत आला होता. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून पाच दिवस झाले होते. पाच दिवस माझी आई नव्हती आणि मी घरात लोकर घेऊन टोपडी विणत होते.”

निघताना त्याने विचारलं, “आज साडेसातला फोन करशील?” मावशी म्हणाली, “बघू.” कुठल्याही मावशीचं ‘बघू’ हे ‘नाही’च असतं, एवढं त्याला चोपन्न वर्षांत समजलं होतं.

घरी पोचला तेव्हा साडेपाच वाजले होते. प्रायश्चित्त करायचं तर अर्धवट कशाला, म्हणून त्याने घरचाही सगळा संसार उतरवला. छोटा संगणक, डिस्क, तिन्ही खोल्यांच्या वायरी, सगळं. भिंतीवरचा कागदही खाली आला. टीव्हीला नुसती वाहिन्यांची तार तेवढी राहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात काहीही साठवलं जात नव्हतं. हवामानाचा अंदाजसुद्धा नाही.

सव्वासातला तो आईच्या खोलीत गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“आई, चल. मालिका लागेल आता. जाहिरातींसकट.”

“मला नाही बघायची.”

“मलाही एकटं बघवत नाही. कोण कोण आहे ते कळत नाही मला.”

आईने त्याच्याकडे जरा संशयाने पाहिलं, पण आली. चष्मा पुसला. फोन मांडीवर घेतला नाही, पण टेबलावर हाताला लागेल असा ठेवला, हे त्याने पाहिलं.

मालिका लागली. सात मिनिटांनी साबण आला. फोन वाजला नाही. तीन मिनिटं किती लांब असतात, हे कवळीवाल्याला त्या दिवशी कळलं. साबण झाला, रंगाचे डबे झाले, एक मोटार डोंगरावर चढली, एक कुटुंब बिनकारण हसलं. आई पडद्याकडे बघत होती. हात मांडीवर घट्ट. मग वाडा आला, मोठी सून आली, कुणीतरी कुणाचं तरी पत्र लपवलं. पुन्हा साबण.

फोन वाजला नाही. एक मिनिट गेलं. दाराशी बायको येऊन उभी राहिली. दुसरं मिनिट निम्मं झालं असेल, तेव्हा आईने हात पुढे केला, फोन उचलला आणि स्वतःच नंबर लावला. बारा वर्षांत तिने स्वतःहून लावायची ही पहिलीच वेळ असावी, कारण दोनदा चुकला.

“मी बोलतेय,” आई म्हणाली. “बघतेयस ना?” मग, “पत्र त्या पुतण्यानेच लपवलं.” मग, “गुडघा कसा आहे?”

कवळीवाल्याने श्वास सोडला. झालं, त्याला वाटलं. गाडी रुळावर आली. आता एक मिनिटभर गुडघे, मग वाडा, मग ठेवते. पडद्यावर मोटार डोंगर चढली. कुटुंब हसलं. वाडा आला.

आईने फोन ठेवला नाही.

“आई,” तो हळूच म्हणाला, “लागलं.”

आईने त्याला हाताने गप्प केलं. ती फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. ऐकता ऐकता ती खुर्चीत वळली, टीव्हीकडे पाठ करून. “हो,” ती म्हणाली. “हो गं. कळवायला हवं होतं मी. डॉक्टरांचं नाव पुढे केलं मी. खरं म्हणजे मीच घाबरले होते. तुला काही झालं असतं तर? एकीला घालवत होते, दुसरीलाही घालवू?” तिचा आवाज फाटला. “पण तुझा हक्क होता. चुकलं माझं. तेवीस वर्षं म्हणायचं होतं.”

मग ती उठून आपल्या खोलीकडे निघाली. दारात थांबली, फोनवर हात ठेवून मुलाकडे वळली. गालांवरून पाणी वाहत होतं.

“ते रेकॉर्ड होतंय ना रे?”

कवळीवाल्याने मागच्या खोलीकडे पाहिलं. एक हजार नऊशे चाळीस तास! मासे, पूल, परक्या भाषेतला स्वयंपाक! आणि जन्मात एकदा कुणी रेकॉर्डिंग मागितलं, तर सगळं यंत्र मागच्या खोलीत खोक्यात. फार शहाणपणा केला की असंच घोडं पेंड खातं. पण खरं सांगितलं तर ती फोन ठेवेल, याचीही त्याला तितकीच खात्री होती.

“होतंय,” तो म्हणाला. “तू बोल.”

दार लागलं. कवळीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, दंतवैद्याच्या एका चिठ्ठीची कोरी बाजू सापडली, मेणाच्या पट्टीवर खुणा करायची पेन्सिल सापडली, आणि तो टीव्हीच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर बसला. बारा वर्षं ही मालिका त्याच्या घरात चालू होती आणि त्याला त्यातलं एकही माणूस ओळखू येत नव्हतं. तो भराभर लिहायला लागला. ‘उंच बाई जिना उतरते. टक्कलवाला दार लावतो (का?). पत्र फुलदाणीत. पुतण्या आरशात बघतो, वाईट माणूस असावा. पिवळे कपडे = मोठी सून??’ बायको मागे येऊन बसली आणि कानात सांगू लागली, “ती मोठी नाही, मधली.” त्याने खोडून मधली लिहिलं. तिसऱ्या जाहिरातीत तो जागचा हलला नाही. पुढे काय होणार, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

आठला मालिका संपली. आई साडेआठला बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल, चेहरा मात्र मोकळा. खुर्चीत बसून तिने चष्मा पुसला.

“लाव आता.”

“आई, ते...” त्याने चिठ्ठी वर केली. “रेकॉर्ड झालेलं नाही. सगळं काढून टाकलंय मी. पण मी पाहिलंय. सांगतो.”

“तू? पाहिलंस?” आईला हे मोठ्या सुनेच्या दोन मरणांपेक्षाही पटायला अवघड वाटलेलं दिसलं. ती क्षणभर त्याच्याकडे, त्या चिठ्ठीकडे, त्याच्या भुवयांवरच्या धुळीकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा फोन उचलला.

“अगं, मीच. टीव्हीकडे तुझंही लक्ष नव्हतं ना? नव्हतंच. थांब, आमच्या याने बघून ठेवलंय. मोठ्या आवाजावर टाकते.” तिने फोन टेबलावर ठेवला आणि मुलाला म्हणाली, “हं. पहिल्यापासून.”

त्याने घसा साफ केला. उंच बाई जिना उतरली. टक्कलवाल्याने दार लावलं. “काका ते,” आई म्हणाली. “काका,” फोनमधून मावशी म्हणाली. काकांनी दार लावलं. पुतण्याने पत्र फुलदाणीत टाकलं आणि आरशात पाहिलं. दोघींनी मिळून पुतण्याला यथेच्छ शिव्या घातल्या, तेवढा वेळ त्याला थांबावं लागलं. मग मधली सून आली, फुलदाणीपाशी उभी राहिली आणि रडायला लागली.

“का रडली?” मावशीने विचारलं.

त्याने चिठ्ठी पाहिली, उलटी करून पाहिली. दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर तेवढे लिहिले होते. ते बाईचं रडणं त्याने एवढं टक लावून पाहिलं होतं की लिहायचंच राहून गेलं होतं.

“ते माझ्याकडून सुटलं, मावशी.”

“असू दे,” मावशी म्हणाली. “उद्या कळेल.”